एक बिंदू की एक रेषा? स्पर्शिकेच्या शालेय व्याख्येचे परीक्षण

दहावीच्या भूमितीत वर्तुळाचे प्रकरण सुरू झाले की पहिल्याच तासाला फळ्यावर दोन व्याख्या येतात. वर्तुळाला दोन बिंदूंत छेदते ती छेदिका आणि एकाच बिंदूत मिळते ती स्पर्शिका. राज्याच्या पाठ्यपुस्तकात काय किंवा एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकात काय, शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी आशय हाच असतो. ही व्याख्या इतकी सुटसुटीत आहे की तिच्याविषयी कुणाची काही तक्रार असू शकेल, असे आम्हांला बरीच वर्षे वाटले नव्हते. तक्रार आली ती एका विद्यार्थिनीकडून.

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात एका शाळेत आम्ही गणिताचे काही साधे प्रयोग दाखवायला गेलो होतो. साहित्य होते एक पितळी परात, जेवायला बसायचा एक चौकोनी पाट आणि लाकडी फूटपट्टी. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यात परात मिळायला काय उशीर! परात जमिनीवर उपडी घालून तिच्या काठाला पट्टी टेकवायची आणि ‘ही पाहा स्पर्शिका’ असे दाखवायचे, एवढाच बेत होता. पाट आणला होता दुसऱ्याच प्रयोगासाठी. तेवढ्यात एका मुलीने ती पट्टी उचलली, पाटाच्या कोपऱ्याला लावली आणि विचारले, ‘‘सर, इथं त पट्टी एकाच जागी टेकते ना जी. मंग हे स्पर्शिका होते का?’’

आम्ही उत्तर दिले, ‘‘अगं, स्पर्शिका वर्तुळाला असते, पाटाला नाही.’’ मुलगी गप्प बसली. प्रयोग पुढे सरकले.

परतीच्या वाटेवर मात्र ते उत्तर आम्हांला टोचू लागले. आमच्या स्वतःच्या संशोधनाचा विषय आहे बानाख अवकाशांची भूमिती. त्या विषयात एकक गोलावरचा एखादा बिंदू ‘गुळगुळीत’ आहे की नाही, हा एक मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि तो नेमका त्या मुलीने विचारलेला प्रश्न आहे. ज्या प्रश्नावर आम्ही शोधनिबंध वाचतो, तोच प्रश्न मराठीत आणि पाटासकट समोर आला तेव्हा आम्ही तो झटकून टाकला. पुढील परीक्षण हे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. दोष पाठ्यपुस्तकाचा जेवढा, तेवढाच आमच्यासारख्यांचा, हे आधीच सांगून टाकतो.

व्याख्येची बाजू

प्रथम या व्याख्येच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलले पाहिजे. वर्तुळापुरती ती अगदी बरोबर आहे. वर्तुळाला एकाच बिंदूत मिळणारी प्रत्येक रेषा स्पर्शिका असते आणि प्रत्येक स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत मिळते. विवृत्ताच्या बाबतीतही ती चालते. शिवाय ती तपासायला सोपी आहे. बिंदू मोजायचे, बस्स. स्पर्शिका स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते, हे प्रमेय तिच्यावरून दोन-चार ओळींत सिद्ध होते. एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकात तर छेदिकेचे दोन छेदनबिंदू जवळ येत येत एक होतात तेव्हा ती स्पर्शिका बनते, हेही सांगितलेले आहे. पुढे अकरावी-बारावीला डेरिव्हेटिव्ह शिकताना हाच विचार उपयोगी पडतो.

मग बिघडले कुठे? विद्यार्थ्याच्या मनात त्यातले राहते ते फक्त ‘एक बिंदू’. बारावीच्या वर्गात विचारून पाहावे. स्पर्शिका म्हणजे काय, या प्रश्नाला बहुसंख्य मुले दहावीचे उत्तर देतात, आणि तिथे ते उत्तर चालत नाही.

य = क्ष चा वर्ग, हा अन्वस्त घ्या. त्याच्या अक्षाला समांतर असलेली कोणतीही उभी रेषा त्याला एकाच बिंदूत मिळते. पण ती अन्वस्ताला सरळ भोसकून आत जाते. तिला स्पर्शिका कोणीच म्हणणार नाही. आता य = क्ष चा घन, हा वक्र घ्या. (१, १) या बिंदूपाशी त्याची स्पर्शिका य = ३क्ष – २ ही आहे. हीच रेषा पुढे (–२, –८) या बिंदूत वक्राला पुन्हा भेटते. म्हणजे ही खरी स्पर्शिका, पण व्याख्येप्रमाणे नापास! थोडक्यात, जी स्पर्शिका नाही तिला ही व्याख्या आत घेते आणि जी आहे तिला बाहेर ठेवते. वर्तुळावर ती टिकते याचे श्रेय व्याख्येला नाही, वर्तुळाला आहे.

यूक्लिडने काय म्हटले होते?

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास यूक्लिडने ‘एलेमेंट्स’च्या तिसऱ्या खंडात स्पर्शिकेची व्याख्या दिली. तिचा आशय असा की, जी रेषा वर्तुळाला मिळते, पण वाढवली तरी त्याला छेदून आत जात नाही, ती वर्तुळाला स्पर्श करते. इथे बिंदूंची मोजदाद नाही. रेषा टेकली पाहिजे आणि आत शिरता कामा नये, एवढेच आहे. याच खंडातल्या सोळाव्या प्रमेयात तो आणखी एक गोष्ट सिद्ध करतो. व्यासाच्या टोकाशी काढलेला लंब वर्तुळाच्या बाहेर राहतो, हा पहिला भाग. आणि तो लंब व वर्तुळ यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दुसरी कोणतीही सरळ रेषा घालता येत नाही, हा दुसरा.

हा दुसरा भाग आमच्या मते फार मोलाचा आहे. टेकणारी रेषा आहे, हे सांगून यूक्लिड थांबत नाही. त्या बिंदूपाशी दुसरी तशी रेषा नाही, हेही तो सिद्ध करतो. आधुनिक भाषेत पहिल्याला अस्तित्व आणि दुसऱ्याला एकमेवत्व म्हणतात. आपल्या शालेय व्याख्येत या दोहोंपैकी एकही विचार उघडपणे आलेला नाही. ‘एक’ हा शब्द आला आहे, पण तो भलत्याच जागी. रेषेवर किती बिंदू हे आपण मोजतो. बिंदूपाशी किती रेषा हे मोजायला हवे होते.

दोन वेगळे प्रश्न

हा फरक नुसता शब्दांचा नाही. तो पाहण्यासाठी चार आकार घेऊ: परात, पाट, मैदानावरची धावपट्टी आणि डोळा. धावपट्टीला दोन सरळ बाजू आणि टोकांना दोन अर्धवर्तुळे असतात. दोन समान वर्तुळे एकमेकांवर अर्धवट सरकवून ठेवली की मधला जो समाईक भाग दिसतो, तो डोळ्याचा आकार. चारही आकार बहिर्वक्र आहेत, म्हणजे आकारातले कोणतेही दोन बिंदू जोडणारा रेषाखंड आकाराच्या आतच राहतो. अशा आकाराच्या कडेवरच्या बिंदूतून जाणारी आणि संपूर्ण आकार आपल्या एकाच बाजूला ठेवणारी रेषा, तिला आपण आधाररेषा म्हणू. जमिनीवर ठेवलेल्या वस्तूला बाहेरून टेकवलेली पट्टी म्हणजे आधाररेषाच.

आता प्रत्येक आकाराला दोन प्रश्न विचारू. पहिला : प्रत्येक आधाररेषा आकाराला एकाच बिंदूत टेकते का? दुसरा : कडेवरच्या प्रत्येक बिंदूपाशी एकच आधाररेषा असते का?

परातीचे उत्तर दोन्ही वेळा ‘होय’. पाटाचे दोन्ही वेळा ‘नाही’. पाटाच्या बाजूला पट्टी लावली तर ती सबंध बाजूभर टेकते, आणि कोपऱ्याला लावली तर ती कितीतरी दिशांनी ठेवता येते. धावपट्टीचे पहिले उत्तर ‘नाही’. प्रमाण ४०० मीटर धावपट्टीची सरळ बाजू ८४.३९ मीटर लांब असते. तिथली आधाररेषा एवढी सगळी लांबी व्यापून टेकते. पण दुसरे उत्तर ‘होय’. सरळ बाजू जिथे अर्धवर्तुळाला मिळते त्या सांध्यावरसुद्धा आधाररेषा एकच आहे. डोळ्याचे अगदी उलट. त्याच्यावर टेकणारी प्रत्येक पट्टी एकाच बिंदूत टेकते, पण दोन टोकांपाशी अशा पट्ट्या अनेक आहेत.

म्हणजे हे दोन प्रश्न एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र आहेत. ज्या आकाराचे पहिले उत्तर ‘होय’ त्याला काटेकोर बहिर्वक्र म्हणतात. ज्या बिंदूपाशी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ तो गुळगुळीत बिंदू. शालेय व्याख्या पहिला प्रश्न विचारते आणि दुसऱ्याचे उत्तर मिळाल्याचा आव आणते. साकोलीच्या मुलीने पट्टी कोपऱ्याला लावली तेव्हा व्याख्या जे मागते ते सगळे तिथे हजर होते. नव्हते ते एकमेवत्व, आणि ते व्याख्येने कधी मागितलेच नव्हते. मुलीची चूक कुठे होती?

पट्टी किती फिरते?

एकमेवत्व नसेल तर ते किती प्रमाणात नाही, हेही मोजता येते, आणि तेही कोनमापकाने. पाटाच्या कोपऱ्याशी पट्टी टेकवून ती एका बाजूला लागेपर्यंत फिरवा. मग उलट दिशेने दुसऱ्या बाजूला लागेपर्यंत फिरवा. एकूण फिरणे ९० अंश भरेल. नियमित षट्कोन घेतलात तर ६० अंश. हा आपला ओळखीचा बहिःकोनच आहे. बहुभुजाभोवती पट्टी पूर्ण फिरवून आणली की ती एकंदर ३६० अंश वळते. बाजूवरून जाताना ती मुळीच वळत नाही. सगळे वळणे कोपऱ्यांवर होते. ३६ बाजूंच्या नियमित बहुभुजात प्रत्येक कोपऱ्याच्या वाट्याला १० अंश येतात, ३६० बाजूंच्या बहुभुजात १ अंश. वर्तुळात तेच ३६० अंश सगळ्या काठावर इतके सारखे पसरतात की कोणत्याही एका बिंदूच्या वाट्याला काही उरत नाही. गुळगुळीतपणा म्हणजे हेच: एका बिंदूवर पट्टीला फिरायला वाव नसणे.

धुऱ्यावरून मोजलेले अंतर

आता शाळेची वेस ओलांडून आमच्या विषयाकडे येऊ. वाटही भंडाऱ्यातूनच जाते. हा जिल्हा धानाचा. पावसाळ्यात बांध्यांत पाणी भरलेले असते. अशा वेळी शेतातून तिरपे जाता येत नाही, चालायचे ते धुऱ्यावरून. बांध्या लहान लहान चौरस आहेत आणि धुरे पूर्व-पश्चिम व दक्षिण-उत्तर असेच आहेत, असे धरू. प्रत्यक्षात ते इतके आखीव नसतात, पण आपल्या कामापुरते चालेल. घरापासून पूर्वेला क्ष आणि उत्तरेला य इतक्या अंतरावरच्या जागी जायला एकूण चाल पडते |क्ष| + |य|. कावळ्याला कमी पडेल, पण आपण कावळे नाही.

घरापासून बरोबर एक किलोमीटर चालीवर असलेल्या सगळ्या जागा नकाशावर खुणावल्या तर कोणती आकृती मिळेल? वर्तुळ नाही. कोपऱ्यावर उभा केलेला चौरस मिळतो, त्याचे चार कोपरे पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण या दिशांना. धुऱ्यावरून चालणाऱ्या माणसाचे ‘वर्तुळ’ ते हेच.

अंतर मोजण्याच्या अशा रीतीला नॉर्म म्हणतात. तिच्याकडून अपेक्षा थोड्याच असतात. शून्य सोडून प्रत्येक सदिशाची लांबी धन असावी, सदिश दुप्पट केला किंवा उलटा केला तर लांबी त्या हिशेबाने बदलावी, आणि त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा कमी नसावी. ज्यांची लांबी १ आहे त्या बिंदूंचा संच म्हणजे एकक गोल. त्रिकोणाच्या अटीमुळे त्याने वेढलेला आकार आपोआप बहिर्वक्र होतो. उलट, मध्याभोवती सममित असलेला कोणताही बहिर्वक्र आकार घ्या, तो कोणत्यातरी नॉर्मचा एकक गोल असतो. ही दृष्टी हेर्मान मिंकोव्स्कीची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. आपली परात, पाट, धावपट्टी आणि डोळा हे चारही आकार सममित आहेत, म्हणजे चार वेगळी अंतरेच. ज्या अवकाशात नॉर्म आहे आणि ज्यात जवळ जवळ येत जाणाऱ्या क्रमिकांना त्यांचा सीमाबिंदू अवकाशातच सापडतो, तो बानाख अवकाश. पोलंडचे गणिती स्टेफान बानाख (१८९२–१९४५) यांचे नाव त्याला आहे. बानाख ज्या ल्वुव शहरात काम करीत, ते आज युक्रेनमध्ये आहे.

आता धुऱ्यावर उभे राहून कोपरा म्हणजे काय ते पाहू. आपण (१, ०) येथे, म्हणजे घराच्या बरोबर पूर्वेला आहोत. उत्तरेकडे ट इतके सरकलो तर घरापासूनची चाल १ + |ट| होते. दक्षिणेकडे सरकलो तरी तेवढीच वाढते. बारावीच्या विद्यार्थ्याला |ट| चा आलेख ओळखीचा आहे. शून्यापाशी त्याला टोक येते आणि तिथे डेरिव्हेटिव्ह नसतो. तेच टोक इथे कोपरा म्हणून दिसते. आता (१/२, १/२) येथे जा. उत्तरेकडे थोडे सरकले तर चाल वाढते, दक्षिणेकडे सरकले तर तेवढ्याच दराने घटते. डेरिव्हेटिव्ह आहे आणि बिंदू गुळगुळीत आहे. ‘एकच आधाररेषा’ आणि ‘प्रत्येक दिशेने नॉर्मला डेरिव्हेटिव्ह आहे’ ही एकाच गोष्टीची दोन वर्णने होत. दहावीची स्पर्शिका आणि बारावीचा डेरिव्हेटिव्ह यांचा सांधा हा असा जुळतो. एक बिंदू, एक बिंदू असे म्हणत राहिल्याने तो कधी दिसत नाही.

दिवसाचे कमाल तापमान

आणखी एक उदाहरण देतो, कारण या विषयात बिंदू म्हणजे केवळ नकाशावरची जागा नव्हे. मे महिन्यातल्या एका दिवसाचा तापमानाचा आलेख घ्या, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा. हा सबंध आलेख म्हणजेच एक बिंदू, असे मानू. असे सगळे सलग आलेख मिळून एक अवकाश होतो आणि आलेखाची ‘लांबी’ म्हणजे त्यातील कमाल किंमत, चिन्ह सोडून. हा अनंत मितींचा बानाख अवकाश आहे.

यातले गुळगुळीत बिंदू कोणते? समजा पारा दुपारी अडीचला एकदाच शिगेला पोहोचला. मग आलेखात किंचित बदल केला, तर कमाल तापमान अडीचच्या आसपासच्या बदलाप्रमाणे थोडे वर किंवा थोडे खाली जाईल, सारख्या दराने. आता समजा पारा अडीचला आणि पुन्हा चारला नेमका तेवढाच चढला होता. अडीचच्या सुमारास ढग येऊन तापमान थोडे उतरले, तरी दिवसाचे कमाल तापमान तसेच राहते, कारण चारची नोंद ते धरून ठेवते. पण अडीचला ऊन थोडे जास्त पडले तर कमाल तापमान वाढते. एका बाजूने काही परिणाम नाही, दुसऱ्या बाजूने आहे. हेच टोक, हाच कोपरा. म्हणून नियम असा: आलेखाची कमाल किंमत एकाच क्षणी गाठली जात असेल तरच तो बिंदू गुळगुळीत. बानाख यांच्या १९३२ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात हा निष्कर्ष आहे. वर्गात पहिला नंबर एकाचाच असेल तर तो कुणामुळे हे सांगता येते, दोघांत विभागला असेल तर येत नाही, तशातलाच हा प्रकार.

आहे आणि एकच आहे

यूक्लिडचे दोन भाग इथे पुन्हा भेटतात. हान्स हान यांनी १९२७ मध्ये आणि बानाख यांनी १९२९ मध्ये जे प्रमेय सिद्ध केले, ते आज हान-बानाख प्रमेय म्हणून ओळखले जाते. त्याचा आपल्याला हवा असलेला भाग असा की, एकक गोलावरच्या प्रत्येक बिंदूपाशी निदान एक आधार असतोच. अनंत मितींत रेषेच्या जागी प्रतल म्हणावे लागते, इतकेच. हे झाले अस्तित्व. एकमेवत्वाची हमी मात्र हे प्रमेय देत नाही. ती जिथे मिळते ते गुळगुळीत बिंदू.

ते किती असतात? स्तानिस्वाव माझुर यांनी १९३३ मध्ये याचे उत्तर दिले. ज्या बानाख अवकाशात गणनीय इतक्याच बिंदूंच्या साहाय्याने कोणत्याही बिंदूच्या हवे तितके जवळ जाता येते, तिथे एकक गोलावर गुळगुळीत बिंदू सर्वत्र दाट पसरलेले असतात. एखाद्या कोपऱ्यावर असलात तरी अगदी शेजारी गुळगुळीत बिंदू सापडतोच. ही अट सोडली तर मात्र धक्का बसतो. धुऱ्यावरच्या चालीचाच नॉर्म घ्या, पण दिशा दोन न ठेवता अगणनीय ठेवा. बेरीज सांत राहायची तर कोणत्याही बिंदूचे शून्येतर सहनिर्देशक गणनीयच असू शकतात, म्हणून कोणतातरी सहनिर्देशक शून्य राहतोच. आणि या नॉर्ममध्ये कोपरा येतो तो सहनिर्देशक शून्य असण्यामुळेच, हे आपण (१, ०) येथे पाहिले. तेव्हा त्या एकक गोलावर एकही बिंदू गुळगुळीत नाही. जिकडे पट्टी टेकवावी तिकडे कोपराच.

इथे विद्यापीठांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. एम.एस्सी.च्या वर्गात हान-बानाख प्रमेय शिकवले जाते, त्याची सिद्धता पाठ होते, परीक्षेत लिहिली जाते. पण ते दहावीच्या स्पर्शिकेचेच रूप आहे, हे बहुधा कोणी सांगत नाही. आय.आय.टी. मुंबईचे प्रा. बालमोहन लिमये यांचे ‘फंक्शनल ॲनालिसिस’ हे पुस्तक आपल्याकडे पुष्कळ वापरले जाते. त्यात हान-बानाख विस्तार कधी एकमेव असतो याचे प्रमेय दिलेले आहे, आणि त्याची अट द्वैती अवकाशाच्या काटेकोर बहिर्वक्रतेची आहे. आपले दोन प्रश्न इथे एकमेकांचे आरसे ठरतात. सांत मितींत एका अवकाशाचे कोपरे म्हणजे त्याच्या द्वैती अवकाशाच्या सपाट बाजू. परीक्षेपुरते वाचणारा विद्यार्थी तिथे थांबत नाही. तोच पुढे शिक्षक होऊन शाळेत जातो आणि ‘एक बिंदू’ शिकवतो. साखळी अशी पूर्ण होते.

कोपरे वाईट नसतात

गुळगुळीत म्हणजे चांगला आणि कोपरा म्हणजे दोष, असा समज मात्र होऊ देऊ नये. जमिनीवर एक तिरपी रेषा आखा आणि धुऱ्यावरच्या चालीचे ते ‘वर्तुळ’ घरापासून हळूहळू मोठे करीत न्या. ते त्या रेषेला प्रथम कुठे टेकेल? जवळजवळ नेहमी कोपऱ्यावर, कारण कोपऱ्यावर ९० अंशांच्या आवाक्यातली कोणतीही पट्टी टेकू शकते. बाजूने टेकायला रेषा अगदी बाजूला समांतरच हवी. आणि कोपरा म्हणजे एक सहनिर्देशक शून्य. पुष्कळ अज्ञातांपैकी बहुतेक शून्य असलेले उत्तर हवे असेल, तर हा नॉर्म वापरावा, ही युक्ती यातून निघते. रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९६ मध्ये संख्याशास्त्रात तिचा पुरस्कार केला. २००६ च्या सुमारास डेव्हिड डोनोहो, इमॅन्युएल कँडेस, जस्टिन रॉम्बर्ग आणि टेरेन्स ताओ यांच्या कामातून थोड्या मोजमापांवरून पूर्ण चित्र उभे करण्याची पद्धत पुढे आली, आणि एम.आर.आय. तपासणीचा वेळ कमी करण्यासाठी तिचा उपयोग झाला. या सगळ्याच्या मुळाशी साकोलीच्या मुलीने पाहिलेली गोष्ट आहे: कोपऱ्यावर पट्टी अनेक प्रकारे टेकते.

वर्गात काय करता येईल?

पाठ्यपुस्तक उद्या बदलेल असे नाही, आणि परीक्षेत मुलांनी पुस्तकातली व्याख्या लिहावी हेच ठीक. पण शिक्षकांना तीन गोष्टी आजही करता येतील.

एक, परात आणि पाट दोन्ही वर्गात न्यावे आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही प्रश्न विचारावेत: पट्टी किती बिंदूंत टेकते, आणि या बिंदूपाशी पट्टी किती प्रकारे टेकते. अर्धा तास पुरतो.

दोन, व्याख्या सांगताना ‘वर्तुळापुरती’ हा शब्द तोंडी जोडावा. त्यामुळे काही बिघडत नाही आणि बारावीत मूल गोंधळत नाही.

तीन, लंबाचे प्रमेय शिकवताना त्याची सिद्धता नीट पाहावी. स्पर्शिकेवरचा स्पर्शबिंदू सोडून इतर प्रत्येक बिंदू केंद्रापासून अधिक दूर असतो, हा त्या सिद्धतेचा गाभा आहे. गॅरेट बर्खोफ यांनी १९३५ मध्ये नेमका हाच विचार घेऊन, कोन मोजण्याची सोय नसलेल्या अवकाशांत ‘लंब’ या शब्दाला अर्थ दिला. दहावीची सिद्धता जशीच्या तशी संशोधनात उतरल्याचे याहून सोपे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आणि एखाद्या मुलीने कोपऱ्यावर पट्टी टेकवून तोच प्रश्न विचारला तर? आम्ही दिले ते उत्तर देऊ नये. ‘‘हो, एकाच जागी टेकते खरी. आता पट्टी तिथेच ठेवून जरा फिरवून बघ. परातीवर अशी फिरते का?’’ एवढे म्हणावे. पुढचे ती स्वतः शोधील. त्या शाळेला आम्ही याच आशयाचे पत्र पाठवले आहे. त्या वर्गात ते वाचून दाखवावे, अशी विनंतीही त्यात केली आहे.